वीतभर फट

केस थंडीत दाट होतो.
शेपटीचा तर टोकाला काळा, मधे गव्हाळ, बुडाशी परत काळा.
म्हणून काम मार्गशीर्षात,
आणि तयारी चैत्रात.
उन्हाळ्यात मुंगसाला हात लावायचा नाही,
उन्हाळ्यात फक्त जमीन.

यवतच्या वर, भुलेश्वरच्या अंगाला
कुणाचाच नसलेला एक माळ होता.
कुणाचाच म्हणजे वनखात्याचा.
भर उन्हात आम्ही तिथं दगड वेचायचो,
मोठे खाली, चपटे वर,
आत माझा हात कोपरापर्यंत जाईल एवढी पोकळी.
आई बाभळीच्या फांद्या ओढत आणायची,
काट्यांची तोंडं बाहेर.
फुटक्या माठाचं बूड मातीत पुरलेलं,
त्यात रोज तांब्याभर पाणी,
आमच्याच हंड्यातलं, अर्ध्या कोसावरून आणलेलं.
मला त्या पाण्याचा फार राग यायचा.

मग बाप काट्यांत एक फट ठेवायचा.
वीतभर.
त्याची वीत, माझी नव्हे.
पुढं सात महिने तिच्याजवळ थुंकायचं नाही,
बिडी ओढायची नाही, उगाच जायचंसुद्धा नाही,
त्या पायांना ती पाठ होईस्तोवर.
फासा दोरीचा नसतो, सवयीचा असतो,
असं बाप म्हणायचा, असं मी लोकांना सांगतो.
खरं तर तो म्हणायचा, गप बस.

माठाभोवती चाळलेली माती,
सकाळी तिच्यावर पाच-पाच बोटं, पुढं नखांची टिंबं.
एकदा शेजारी तसलेच ठसे, चिंचोक्याएवढे.
बापानं बराच वेळ पाहिलं
आणि त्या बाजूचा ढीग
त्या वर्षापुरता हिशेबातून काढून टाकला.

डिसेंबरचं सांगत नाही.

रविवार पेठेत अर्ध्या शटरचं दुकान होतं.
पोपटशेठ केसांवर हलकी फुंकर मारायचा,
मग तोळ्यावर तोलायचा.
पेंटर लोकांना लागतो, म्हणाला, डोळ्यातला ठिपका काढायला.
मला एक ब्रश दिला, दांडा चिरलेला.
मी तो गालावरून फिरवला.
माळाचा वास नव्हता त्याला.

कायदा आधीपासून होताच,
पण त्या वर्षी जीपमधून आला.
बाप अकरा दिवसांनी परतला,
फासे भट्टीत घातले, ब्रशसुद्धा.
आणि चैत्रात पहार खांद्यावर टाकून निघाला माळाकडं.
आता कशाला, आई म्हणाली.
तो म्हणाला, त्यांना काय माहीत.

आता मी वाघोलीत, सोसायटीचा माळी.
क्लबहाऊसमागं गुलमोहराच्या छाटलेल्या फांद्या पडल्यात,
देवकुळे सुपरवायझर रोज विचारतो, उचलल्या का?
उद्या, मी म्हणतो.
फुटलेल्या फरशा कुणी रचल्या, मलाही नीट आठवत नाही,
मोठ्या खाली, चपट्या वर.
नळाचा वॉशर गेलाय.
गटाराशी भिंतीला भोक आहे, ते बुजवायला आणलेलं सिमेंट
गोणीतच दगड झालं.

दिवाळीनंतर एका सकाळी
ते फरशांतून बाहेर आलं, मागच्या पायांवर उभं राहिलं,
चारी बाजू पाहून घेतल्या.
सी विंगच्या साठेबाई बाल्कनीतून म्हणाल्या,
बरं झालं बाई, साप तरी येणार नाहीत.
माझी नजर थेट शेपटीवर.
भरला होता केस.
खिशात कुठल्याशा पार्सलचा सुतळीतुकडा होता,
पाहतो तर बोटांनी गाठ मारून ठेवलेली,
सरकती, बापाची.
एका टोकाला ओढलं की सुटते ती.
ओढलं.

ते गेल्यावर भिंतीपाशी बसलो,
भोकात वीत घालून पाहिली.
बरोबर बसली.